पासंग

रुवीच्या दुकानात कनकसीभाईंनी
काचेवर तीन मांडले.
पहिल्याच्या तोंडावर निळा दिवा, दोन नाचते काटे,
बेसचं बटण, ट्रेबलचं बटण.
"ह्याचा आवाज गरम आहे," ते म्हणाले.
बाहेर सेहेचाळीस होतं.
बटण म्हणजे मत,
आणि मत असलेला साक्षीदार मला चालत नाही.

दुसरा चांगला. खरंच चांगला.
पण पोटात केवढा ट्रान्सफॉर्मर!
उचलला तर कमरेनेच हिशेब मागितला,
आणि मला तर तो न्यायचा होता
रात्री, कोरड्या वादीत, गाडीच्या बॅटरीवर,
जिथे आवाजाला परत फिरायला भिंत नाही.

तिसरा तळहाताएवढा. एकच खुंटी.
नावाचं स्टिकरसुद्धा वाकडं.
"गाणं कुठलं लावू?"
"गाणं नको. वीसपासून वीस हजारांपर्यंत
एक सरळ शिट्टी."
मिठाईच्या दुकानात येऊन कुणी
नुसती वजनं मागावीत
तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.
चार ओहमचा भार लावला, मग आठचा,
मग काहीच नाही लावलं.
रेघ हलली नाही.
स्पीकरला कान चिकटवला,
आत फुसफूस नाही, गुणगुण नाही,
बोलावल्याशिवाय न बोलणारा.
अठ्ठावीस म्हणाले, पंचवीस रियालला दिला.

दापोलीच्या बाजारात बाबा तांदूळ जोखायचे.
गिऱ्हाईक आलं की आधी रिकामा काटा वर धरायचे,
दोन्ही पारडी थरथरून
थांबेपर्यंत.
"माल मागनं. आधी काटा बोलू दे."
हे मी रोज पाहिलं होतं.
शिकलो नव्हतो.

त्या संध्याकाळी, नवा खोक्यातून काढण्याआधी,
सहज म्हणून जुन्यालाच मोजलं,
स्पीकरशिवाय, माइकशिवाय, एकट्याला.
साठच्या खाली रेघ वाकली.
पन्नासला पाच डेसिबल गायब.
झाकण उघडलं. आत एक कपॅसिटर,
किती उन्हाळे खाऊन सुकलेला,
माथा फुगलेला.
दोन वर्षं माझ्या काट्याला पासंग होता
आणि मी धान्याला दोष देत होतो.

धान्य म्हणजे दिलमुराद सुताराचे अकरा खोके.
"सांधे गळतात तुझे, बेस निसटतो,"
असं मी आलेख दाखवून म्हणालो होतो.
त्याला आलेख वाचता येत नाही,
म्हणून त्याने मान्य केलं.
पुन्हा सरस भरला. पुन्हा कडेने नमदा चिकटवला.
शेवटी मेणबत्ती पेटवून
एकेका फटीशी धरून बसला,
ज्योत तसूभर हलली नाही,
तरी मी म्हणालो, गळतात.
नाचता मला येत नव्हतं,
अंगण त्याचं खणलं.

वादी कबीरच्या गाळ्यात एकच खोका उरला होता.
त्यात तो चपला ठेवायचा.
मी कारण सांगितलं नाही, चल म्हणालो.
आमरातच्या पुढे, रस्ता सोडून,
दगडगोट्यांतून जागा सपाट केली.
खोका जमिनीवर, माइक जमिनीवर, मध्ये दोन मीटर.
गाडी बंद. घाम कानामागून उतरत होता.
शिट्टी वीसवरून निघाली.
तिथे ती ऐकू येत नाही, फक्त पोटऱ्यांना कळते.
मग तीस. चाळीस.
पन्नासला रेघ सरळ होती,
जशी रंध्याने काढावी.

"आता कोण बोलतंय," त्याने विचारलं,
"तुझं मशीन की माझा खोका?"
"खोका."
त्याने लाकडावर पंजा ठेवला,
वीस हजार संपेपर्यंत काढला नाही.
मग अंधारात म्हणाला,
"अकरा. प्रत्येकी साडेसहा.
एकाहत्तर रियाल, पाचशे बैसा."
आलेख येत नसला तरी
ही रेघ त्याला दोन वर्षं तोंडपाठ होती.

गाडीच्या दिव्यात पाकीट उघडलं.
चाळीस निघाले.
"बाकी लिहून ठेव," मी म्हणालो.
"लिहिलेलंच आहे," तो म्हणाला,
आणि वायर गुंडाळायला लागला.